युद्धपटाला लढाईच हवी का?

मा. संपादक यांस,

लढाईच्या दृश्यांवाचून युद्धपट रंगत नाही, हे मत मला पटत नाही. १९७१च्या लोंगेवालाच्या लढाईवरील ‘बॉर्डर’मध्ये (१९९७) रणगाडे भरपूर आहेत, तरी लोकांच्या ओठांवर राहिले ते घरच्या पत्राची वाट पाहणाऱ्या जवानांचे गाणे. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले अपशिंगे (मिलिटरी) हे गाव आमच्याच जिल्ह्यातले. आमच्या गल्लीतील एका जवानाची आई रात्री फोन वाजला की आधी देव्हाऱ्याकडे पाहते आणि मगच तो उचलते. त्या दोन क्षणांतला ताण पडद्यावर उभा करायला दिग्दर्शकाला एकही गोळी झाडावी लागणार नाही. (स्फोटांचा खर्च वाचेल, तो वेगळाच.) अशा घराच्या उंबरठ्यावर कॅमेरा लावणाऱ्या मराठी चित्रपटाचे तिकीट मी आनंदाने काढीन.

– एक वाचक, सातारा