पराभवानंतरचा हंगाम : मित्रास पत्र

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत तुझा संघ पहिल्याच फेरीत एका नवख्या संघाकडून हरला आणि तेव्हापासून बचावावर एवढा भर देणेच चुकले असे जो तो तुला सुनावतो आहे, हे वाचून फार वाईट वाटले. त्याहून अधिक काळजी वाटली ती तुझ्या शेवटच्या परिच्छेदाने. पुढच्या वर्षी सगळी पद्धत मोडून नव्याने मांडणी करण्याचे तू जवळजवळ ठरवून टाकले आहेस. तो निर्णय पक्का करण्यापूर्वी येथील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष संघाचा 2018-19चा हंगाम तुला सविस्तर सांगावा असे वाटले. फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून हे लांबलचक पत्र.

सुरुवात आदल्या वर्षापासून करावी लागेल. मार्च 2018मध्ये व्हर्जिनियाचा संघ 31 विजय आणि अवघे 2 पराभव घेऊन राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. अमेरिकेतील विद्यापीठांच्या या स्पर्धेच्या मुख्य फेरीत 64 संघ चार विभागांत वाटलेले असतात आणि प्रत्येक विभागात अव्वल मानांकित संघाची पहिली गाठ सोळाव्या मानांकिताशी पडते. पुरुषांच्या स्पर्धेत तोपर्यंत अशा 135 लढती झाल्या होत्या आणि त्या सर्वच्या सर्व अव्वल मानांकितांनी जिंकल्या होत्या. त्या वर्षी साऱ्या देशात व्हर्जिनियाचे मानांकन सर्वांत वरचे होते. 16 मार्चला नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे त्यांच्यासमोर मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेचा, म्हणजे यूएमबीसीचा संघ होता. मध्यंतराला दोन्ही बाजूंचे 21 गुण होते. उत्तरार्धात मात्र यूएमबीसीने 53 गुण केले, एकट्या जाइरस लाइल्सने सामन्यात 28 गुण मिळवले आणि निकाल लागला 74-54. डिआंद्रे हंटर हा व्हर्जिनियाचा गुणी खेळाडू मनगट मोडल्यामुळे बाहेर बसला होता, हे खरे. पण वीस गुणांच्या पराभवाला तेवढे कारण पुरत नाही, आणि प्रशिक्षक टोनी बेनेट यांनीही ते पुढे केले नाही. समोरचा संघ आपल्यापेक्षा सरस खेळला, हे त्यांनी त्याच रात्री पत्रकारांसमोर सरळ मान्य केले.

यानंतर जी टीका झाली, ती तुला आज ऐकावी लागते आहे तशीच होती. हा संघ फार संथ खेळतो, गुण कमी करतो, एकदा पिछाडीवर पडला की त्याला सावरता येत नाही, साखळी सामन्यांत ही पद्धत चालते पण बाद फेरीत चालत नाही, असे जाणते लोकही म्हणू लागले. या टीकेत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. त्या पद्धतीचे नाव 'पॅक-लाइन' बचाव. टोनी यांचे वडील डिक बेनेट यांनी ती घडवली आणि अशाच चिवट बचावाच्या बळावर त्यांनी 2000 साली विस्कॉन्सिनच्या संघाला अंतिम चार संघांत नेले होते. बास्केटपासून साधारण सोळा फुटांवर एक कमान कल्पायची. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला एकाने भिडायचे आणि उरलेल्या चौघांनी आपला माणूस बाहेर मोकळा दिसत असला तरी कमानीच्या आतच पाय रोवून उभे राहायचे. आत घुसायला वाट मिळत नाही, म्हणून प्रतिस्पर्धी लांबून फेकतो. त्याचे लांबचे फेक ज्या दिवशी लागत राहतात, तो दिवस वाईट जातो. यूएमबीसीच्या 24 थ्री-पॉइंटरपैकी, म्हणजे तीन गुणांच्या लांबच्या फेकांपैकी, 12 लागले. व्हर्जिनियाच्या 22पैकी फक्त 4.

आता पुढचे नीट वाच. 2018च्या शरद ऋतूत सराव सुरू झाला तेव्हा बेनेट यांनी आक्रमणात काही बदल केले, चेंडूजवळ स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूची वाट अंगाने अडवून, खेळणे वाढवले, टाय जेरोम आणि काइल गाय या दोन गार्डना, म्हणजे चेंडू खेळवत नेणाऱ्यांना, अधिक मोकळीक दिली. बचाव मात्र होता तसाच ठेवला. येथील जॉन पॉल जोन्स अरेनात मी त्या हंगामातले काही सामने पाहिले. तू माझ्या शेजारी असायला हवा होतास, कारण चेंडूकडे न पाहता पायांकडे पाहावे असा तो खेळ होता. पास हवेत असतानाच पाचही जणांचे पाय एकदम सरकत. जो बाहेर धावून जाई तो शेवटची दोन-तीन पावले आखूड टाकी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हूल दिली तरी तोल जात नसे. प्रतिस्पर्ध्याची फेक करण्याची तीस सेकंदांची मुदत संपत आली की सारे प्रेक्षागृह उठून उभे राही. बचावासाठी उभे राहणारे प्रेक्षक मी तरी अन्यत्र कोठे पाहिले नाहीत. त्यातच या शहराचे नाव ऑगस्ट 2017मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात झालेल्या हिंसाचारामुळे जगभर वाईट कारणाने गाजले होते, त्यामुळे त्या हंगामात या संघाभोवती लोकांनी एकत्र येण्याला वेगळाच अर्थ होता.

साखळीत ते ड्यूककडून दोनदा हरले, बाकी बहुतेक जिंकले. ते मी विस्ताराने सांगत नाही. मार्च 2019मध्ये पुन्हा अव्वल मानांकन, पुन्हा सोळावा मानांकित संघ समोर, या वेळी गार्डनर-वेब. आणि पूर्वार्धात व्हर्जिनिया पुन्हा मागे, तेही 14 गुणांनी! आदल्या वर्षीच्या पराभवाचे छायाचित्र काइल गाय याने आपल्या फोनवर मुद्दाम ठेवले होते. त्याच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल याची कल्पना मला करवत नाही. पण कोणीही घाईने फेक केले नाहीत, कोणी कमान सोडून बाहेर धावला नाही. सामना 71-56 असा जिंकला. माझ्या मते हंगामातला सर्वांत मोठा विजय हाच, कारण पुढचे सगळे त्यानंतरच शक्य झाले.

30 मार्चला लुइव्हिलमध्ये पर्ड्यूशी गाठ पडली. कार्सन एडवर्ड्सने त्या दिवशी 10 थ्री-पॉइंटर आणि 42 गुण केले. बचावाची सगळी शिकवण त्याच्यापुढे निष्फळ ठरत होती. शेवटी 5.9 सेकंद उरले असताना टाय जेरोमला दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलचे विनाअडथळा फेक, मिळाले. पहिला गेला, पर्ड्यू 70-68 असा पुढे, दुसरा चुकला. ममादी डियाकिटेने उडी मारून चेंडू नुसता मागे टोलवला, तो मध्यरेषेच्या पलीकडे, आपल्याच अर्ध्या भागात गेला. पाच फूट नऊ इंच उंचीचा किहेई क्लार्क, पहिल्या वर्षाचा मुलगा, धावत जाऊन त्याने तो पकडला. घड्याळ संपत असताना बहुतेकांनी तेथूनच बास्केटकडे फेकला असता. क्लार्कने मान वर करून पाहिले आणि लांब, सरळ पास थेट डियाकिटेच्या हातात दिला. भोंगा वाजण्यापूर्वी चेंडू त्याच्या हातून सुटला आणि आत पडला. जादा वेळेत व्हर्जिनियाने 80-75 असा विजय मिळवला आणि 1984नंतर प्रथमच अंतिम चारांत प्रवेश केला.

मिनियापोलिसमधील उपांत्य सामन्याबाबत मात्र तुझ्याशी प्रामाणिक राहिले पाहिजे. ऑबर्नविरुद्ध पाच मिनिटे उरली असता दहा गुणांची आघाडी होती, ती ऑबर्नने सलग 14 गुण करून पुसून टाकली. अखेरच्या सेकंदांत जेरोमचा डबल ड्रिबल, म्हणजे टप्पे थांबवून चेंडू धरल्यावर पुन्हा टप्पे देण्याची चूक, पंचांच्या नजरेतून सुटला, हे चित्रफितीत स्वच्छ दिसते. त्यानंतर 0.6 सेकंद उरले असताना गायवर फाउल झाला आणि त्याला तीन फ्री थ्रो मिळाले. दोन गुणांनी मागे असताना त्याने पहिले दोन घातले, ऑबर्नने मुद्दाम टाइम-आउट घेतला, आणि परत येऊन त्याने तिसराही घातला : 63-62. नशिबाने साथ दिली, यात शंका नाही. ऑबर्नच्या मुलांना ती शिट्टी न वाजल्याचे दुःख जन्मभर राहील आणि ते रास्त आहे. पण त्या तीन फेकांत नशिबाचा वाटा नव्हता.

8 एप्रिलच्या अंतिम सामन्यात समोर टेक्सास टेक, म्हणजे व्हर्जिनियाइतकाच कडवा बचाव करणारा संघ होता. तीन गुणांनी मागे असताना, जेमतेम तेरा सेकंद उरलेले असताना, जेरोम आत घुसला, बचावाला आपल्याकडे ओढले आणि कोपऱ्यात उभ्या हंटरला पास दिला. हंटरने थ्री-पॉइंटर घातला, 68-68. जादा वेळेत व्हर्जिनियाने 12 फ्री थ्रो घेतले आणि बाराही घातले. अंतिम गुण 85-77, विद्यापीठाचे पहिले विजेतेपद, आणि हंगामाचा हिशेब 35 विजय, 3 पराभव. हंटरचे गुण 27. टेक्सास टेकचा सर्वोत्तम खेळाडू जॅरेट कल्व्हर याला बहुतेक वेळ त्यानेच रोखले, आणि कल्व्हरचे 22पैकी 5च फेक आत गेले. आदल्या वर्षी मनगटाला प्लास्टर घालून बाकावर बसलेला तो हाच हंटर.

हंटरबद्दलच तुला आणखी एक सांगायचे आहे. विद्यापीठात आल्यावर पहिले पूर्ण वर्ष तो एकही सामना खेळला नाही. फक्त सराव केला. येथे याला 'रेडशर्ट' म्हणतात : खेळाडू सराव करतो, शरीर कमावतो, पद्धत अंगी बाणवतो, पण त्याचे खेळण्याचे वर्ष खर्ची पडत नाही. डियाकिटेही असाच थांबला होता. गाय, जेरोम आणि हंटर 2016मध्ये एकत्र आले आणि तिसऱ्या वर्षी विजेते झाले. हे आता येथेही अवघड होत चालले आहे. खेळाडूंना पैसे मिळू लागले, दरवर्षी संघ बदलण्याची मोकळीक आली, आणि ऑक्टोबर 2024मध्ये, हंगाम तोंडावर असताना, बेनेट यांनी या नव्या व्यवस्थेसाठी आपण योग्य प्रशिक्षक नाही असे सांगून निवृत्ती घेतली. मला त्या दिवशी घरचे कोणी दूर गेल्यासारखे वाटले.

आणि हो, तो पर्ड्यूचा संघ आठवतो ना? 2023मध्ये तोही अव्वल मानांकित असताना सोळाव्या मानांकिताकडून हरला. तेथेही प्रशिक्षक बदलला नाही, मुख्य खेळाडू टिकले, आणि पुढच्या वर्षी ते अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे हरले, तरी पोहोचले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की बचाव मोडू नकोस. तुझे आक्रमण कोंडले जाते, हे तुझ्याच वर्णनावरून दिसते. बदल तेथे कर. मध्ये उभा राहणारा तुझा उंच मुलगा चेंडू घेऊन अडकतो असे तू लिहिले आहेस, तर त्याला स्क्रीन लावायला वर बोलव आणि गार्डला वाट करून दे. त्या बुटक्या गार्डला, जो पास द्यायला घाबरत नाही, काही झाले तरी काढू नकोस. नव्या मुलांपैकी एखाद्याला वर्षभर केवळ सरावात ठेवता येईल का, आणि विद्यापीठाच्या नियमांत त्यामुळे त्याची पात्रता शिल्लक राहते का, हे क्रीडा विभागाकडे विचारून मला कळव. शेवटच्या सामन्याचे चित्रीकरण असेल तर तेही पाठव; शनिवारी-रविवारी बसून पाहीन आणि दिसेल ते लिहून पाठवीन.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना सहखेळाडू