गुडघ्यात काय टोचले, ते चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या जिल्हा पुरवणीत 'स्टेम सेलने गुडघ्यात नवी कूर्चा, ऑपरेशनची गरज नाही' अशी पाव पानाची जाहिरात होती. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेली गुळगुळीत गादी, आणि स्टेम सेल म्हणजे मूलपेशी, ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडू शकतात. सोमवारी सकाळी दुकान उघडायला गेलो, तर तेच कात्रण घेऊन दोन बाया पायरीवर बसलेल्या. "दादा, हे खरं हाय का?" दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझे औषधाचे दुकान आहे. त्या दोघींना जे सांगितले, ते सगळ्यांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

आमच्याकडे पन्नाशीतल्या बाईचे गुडघे धडधाकट असले तर नवल. पावसाळ्यात उकिडवे बसून निंदण, दिवाळीपासून कमरेला ओटी बांधून कापूस वेचणी. गुडघा सुजला की एकच सल्ला मिळतो, सुई मारून घे. ती सुई बहुतेक वेळा स्टेरॉइडची असते. एक मिलिलिटरची कुपी, आत 40 मिलिग्रॅम ट्रायामसिनोलोन. ठेवून दिली की पांढरा साका तळाशी बसतो, हलवली की ताकासारखी दिसते. त्याच सिरिंजमध्ये बधिर करणारे लिग्नोकेन ओढतात. बाई पाय टेकत येते आणि चालत जाते. या कुप्या मीही विकतो, म्हणून बोलण्याची जबाबदारीही माझी आहे.

माझ्या काकूंनी दोन वर्षांत तीन ठिकाणी अशा सात सुया घेतल्या. "पयल्या सुईनं तीन मयने काढले, आता पंधरा रोज बी निघत नाई," असे त्या म्हणायच्या. त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. सातांपैकी एकीवरही औषधाचे नाव नाही, नुसते 'इंजे. गुडघा' आणि पैसे. मग शहरातल्या एका ठिकाणी त्यांना स्टेम सेलचा सल्ला मिळाला. वावराचा तुकडा गहाण टाकून पैसे भरले. तिथे काय केले, ते त्यांनीच सांगितले: हाताच्या शिरेतून रक्त काढले, यंत्रात फिरवले, वरचा पिवळसर भाग गुडघ्यात टोचला. शेवटची स्टेरॉइडची सुई घेऊन तेव्हा पाचच आठवडे झाले होते. कोणी विचारले नाही, आणि सांगायचे असते हे काकूंना माहीत नव्हते.

हाताच्या रक्तातून काढलेला तो पिवळा भाग म्हणजे पीआरपी, प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. त्यात प्लेटलेट असतात. कूर्चा घडवू शकणाऱ्या मूलपेशी अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा सांध्याच्या आतल्या अस्तरातून काढाव्या लागतात. म्हणजे काकूंना स्टेम सेल मिळालेच नाहीत, मिळाले ते फक्त नाव. आणि पीआरपीचे म्हणाल तर ऑस्ट्रेलियात 288 रुग्णांवर त्याची नीट तुलना झाली. 2021 मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर वेदनेत आणि कूर्चेत साध्या सलाइनच्या सुईपेक्षा फरक नव्हता.

पण खऱ्या मूलपेशी टोचल्या असत्या, तरी त्या पडल्या कशात असत्या, याचा विचार कोणी करतो का? कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती झिजली की आपोआप भरून येत नाही. मूलपेशीतून कूर्चा घडवायची तर प्रयोगशाळेत पेशींचा गोळा करून तीनेक आठवडे ठरावीक द्रावणात जपतात. गंमत नव्हे, पण त्या द्रावणात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडच घालतात. किती? मिलिलिटरला मिलिग्रॅमचा जवळपास 25 हजारावा भाग. आमच्या कुपीत मिलिलिटरला 40 मिलिग्रॅम. औषध वेगळे, जातकुळी तीच. चिमूटभराने पेशी कूर्चेच्या वाटेला लागतात, भरमसाट मात्रेत कूर्चेच्याच पेशी मरतात. म्हणून स्टेरॉइड वाईट की चांगले, असा सरळ प्रश्न विचारता येत नाही. सांध्यातली सूजही मूलपेशींना कूर्चा होऊ देत नाही, आणि ती सूज स्टेरॉइडने उतरते. सगळा प्रश्न मात्रेचा, वेळेचा आणि किती वेळा घेतले याचा आहे.

बधिर करणाऱ्या औषधाकडे तर कोणी पाहतही नाही. लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन ही दोन्ही बधिर करणारी औषधे प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशींना आणि मूलपेशींनाही मारतात. मात्रा आणि वेळ वाढली की जास्त. रोपिव्हाकेन हे तिसरे त्या मानाने सौम्य. खांद्याच्या ऑपरेशननंतर सांध्यात पंपाने सतत बधिर औषध सोडलेल्या रुग्णांची कूर्चाच विरघळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये इशारा दिला होता. एका सुईतले थोडे औषध म्हणजे पंप नव्हे, हे मान्य. पण ज्या सिरिंजमधून पेशी जायच्या, तिच्यातच हे मिसळायचे का, हे विचारायला नको?

'स्टेरॉइडच्या दोन सुयांत तीन महिन्यांचे अंतर ठेवले की झाले' असे डॉक्टर सांगतात. 2017 मध्ये अमेरिकेत 140 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो नेमके हेच अंतर पाळून केलेला. निम्म्यांना दर 12 आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम ट्रायामसिनोलोन, निम्म्यांना सलाइन. दोन वर्षांनी स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजलेली होती, आणि वेदनेत दोन्ही गटांत फरक नव्हता. मी हे छापील कागदावर वाचले त्या रात्री मला काकूंच्या सात चिठ्ठ्याच दिसत होत्या.

भारतात आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेल हा उपचार नव्हे, संशोधन मानला आहे. पुढे 2022 मध्ये गुडघ्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या एका उत्पादनाला परवानगी मिळाली. त्यामुळे सगळेच खोटे, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या जाहिरातीत कोणत्या पेशी, कुठून काढलेल्या, कोणाच्या परवानगीने, यातले एक अक्षर नव्हते.

संपादक महाशय, या तीन गोष्टी लिहिल्याशिवाय अशी जाहिरात कृपया छापू नका. आणि तालुक्यातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती: सांध्यात सुई दिली की औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि कोणता गुडघा, हे चिठ्ठीवर लिहा. अर्धी ओळ लागते. उद्या त्या बाईवर कोणताही नवा उपचार करायचा तर पुढच्या डॉक्टरला ती अर्धी ओळच उपयोगी पडेल. माझ्या दुकानातून कुपी गेली की मी आता पेशंटच्या वहीत हे लिहून देतो. वही नसेल तर बिलाच्या पाठीमागे.

काकू हल्ली वेचणीला जात नाहीत. सकाळी खाटेवर बसून मांडी आवळायचा, पाय सरळ उचलायचा व्यायाम करतात, जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवलेला. वावराचा तुकडा अजून सुटलेला नाही. चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. आपल्या वार्ताहराला पाहायच्या असतील तर नावे झाकून दाखवीन.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता
ता. दारव्हा, जि. यवतमाळ