परीक्षण आल्यानंतर

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नाटकाचे परीक्षण वाचल्यापासून तू अस्वस्थ आहेस आणि संपादकांना खुलासा पाठवणार आहेस, असे बाबांकडून समजले. तेवढे मात्र करू नकोस. समीक्षकाने पाहिला तो पहिला प्रयोग. छापलेला मजकूर तिथेच थांबतो, भूमिका मात्र पुढच्या प्रत्येक प्रयोगात बदलत जाते, आणि ही तफावत गृहीत धरूनच नटाला काम करावे लागते.

तू वाक्याचा शेवटचा शब्द गिळतेस, असे त्याने लिहिले आहे. ते खरे की खोटे हे रागाने ठरणार नाही. पुढच्या तालमीला कोणाला तरी संहिता देऊन शेवटच्या रांगेत बसव आणि ऐकू न आलेल्या प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने खूण करायला सांग. इतकी नेमकी तक्रार फार थोडे समीक्षक करतात. 'भावपूर्ण अभिनय' या शेऱ्याचे तालमीत काय करायचे, हे मला अजून उमगलेले नाही.

स्तुतीला तर मी अधिक भिते. माझ्या एका सहकलाकाराच्या एका विरामाचे परीक्षणात कौतुक झाले आणि तो विराम प्रयोगागणिक इतका लांबत गेला की, समोर उभी असलेली मी पुढचे वाक्य घेऊन ताटकळत राहायची.

एकच समीक्षक वर्षानुवर्षे आपल्याला पाहत राहिला, तर त्याचे मोल वेगळे असते. इंग्रज नट एडमंड कीन 1814 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात शेक्सपिअरचा शायलॉक म्हणून उभा राहिला, तेव्हा समीक्षक विल्यम हॅझलिटने त्याला उचलून धरले, आणि पुढे त्याच्या रोमिओतल्या उणिवाही त्यानेच दाखवल्या. समीक्षक केनेथ टायननने अभिनेत्री व्हिव्हियन लीवर जहरी लिहिले होते. तरी तिचे पूर्वीचे पती, नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी 1963 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल थिएटरचा कारभार सुरू करताना त्याच टायननला संहितांची निवड पाहायला सोबत घेतले. ऑलिव्हिएंचा हा निर्णय मला धोरणी वाटतो. व्हिव्हियन लीला तो कसा वाटला असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही.

तुझा समीक्षक पुढच्या नाटकालाही येईल. मध्यंतरात समोर आला तर नमस्कार कर, परीक्षणाचा विषय काढू नकोस, आणि पुढे कधी त्याने चांगले लिहिले तरी आभाराचा फोन करू नकोस.

तुझी,
आई