सांडपाण्याच्या गाळाचीही तपासणी व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

प्लास्टिकबंदीची आपल्याकडची चर्चा पिशव्या आणि पेल्यांपाशीच संपते. प्लास्टिकला मऊपणा आणणाऱ्या थॅलेट गटातील रसायनांचा विषय तिच्यात निघतच नाही. पॉलिथिनला त्यांची सहसा गरज नसते, म्हणून शेततळ्यातल्या कागदाला सरसकट दोष देणे योग्य नव्हे. मात्र फ्लेक्स, रेक्झिन, वायरींची आवरणे, लवचीक नळ्या अशा मऊ पीव्हीसीत ती वजनाच्या एक तृतीयांशापर्यंतही असू शकतात, आणि प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसल्यामुळे हळूहळू बाहेर पडत राहतात. निवडणुका, जयंत्या उरकल्या की उतरवलेले फ्लेक्स आपल्या जिल्ह्यात कडब्याच्या गंजीवर नाहीतर गोठ्यावर चढतात. पुढे उन्हापावसात ते कडक होऊन तडकतात, तेव्हा हा घटक काही प्रमाणात त्यांतून निघून गेलेला असतो.

थॅलेटांपैकी सर्वांत परिचित अशा डीईएचपी या रसायनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक मर्यादा सुचवली आहे. पाणी उकळून किंवा त्यात क्लोरीन टाकून हे रसायन जात नाही; सक्रिय कार्बन ते बऱ्याच अंशी शोषून घेतो.

खरी अडचण गाळाची आहे. डीईएचपी पाण्यात फारसे विरघळत नाही, ते गाळाला चिकटते. त्यामुळे सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी बरे दिसले तरी रसायनाचा मोठा वाटा गाळात उरतो, आणि तोच गाळ खत म्हणून शेतात गेला तर पाण्यातून काढलेले मातीत जाते. मातीतले काही जिवाणू थॅलेटचे तुकडे करून ते पचवतात, पण त्यासाठी हवा लागते. हवेविना कुजणाऱ्या गाळात डीईएचपीचे विघटन फार मंदावते. म्हणून गाळाचे ढीग नुसते रचून न ठेवता, काडीकचरा मिसळून, वरचेवर पालटून त्याचे कंपोस्ट करावे आणि मगच ते शेतकऱ्यांना द्यावे.

गाळातल्या थॅलेटची तपासणी महागड्या यंत्रांवर होते, हे मान्य आहे. तरी प्रत्येक केंद्राच्या गाळाचा निदान हंगामाला एक नमुना महापालिकेने विद्यापीठाच्या मदतीने तपासून घ्यावा आणि निष्कर्ष जाहीर करावेत. उतरवलेले फ्लेक्स परत घेण्याची जबाबदारी, परवाना देतानाच, ते लावणाऱ्यावर टाकावी. ते जाळणे तर कोणत्याही परिस्थितीत नको, कारण पीव्हीसीच्या धुरातून हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात.

आपला,
एक वाचक, सोलापूर