कमळगडाच्या माचीवरच्या आजींना, उधारीसकट

तीर्थस्वरूप आजींस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला वाचता येत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील अशा हिशेबानं लिहिते आहे. त्याला एवढंच सांगणं, की मधलं काही गाळू नकोस. मधलं तुझ्याबद्दलच आहे.

जानेवारीतल्या त्या शनिवारी साताऱ्याहून तिघीजणी आल्या होत्या, आठवतंय ना? मी, माझी मैत्रीण आणि कॉलेजात जाणारी भाची. नांदगण्यातून चढलो, गोरखनाथाच्या देवळात टेकलो आणि कारवीच्या रानातून तुमच्या दारात आलो, तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत तर, "तिघीच? बापय कुणी न्हाई?" मला त्याचा जरा रागच आला होता. जेवणाचं ठरलं, माणशी दीडशे. ऊन कलताना वर जाऊन गेरूच्या विहिरीत उतरून आलो. त्या लालभडक भिंती आणि खालचा गारवा बघून भाची इतकी हरखली, की मी केंजळगड, रायरेश्वर दाखवत होते तिकडे तिचं लक्षच नव्हतं. मग तुमच्या हातची भाकरी आणि ठेचा. तंबू आम्ही तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर लावला होता. थोडं पलीकडे दोन तरुणांचाही एक तंबू होता.

तयारी तशी आमची चोख होती, असं आम्हाला वाटत होतं. गव्यांसाठी शिट्टी, सापासाठी काठी, चालता चालता पाय मुरगळलाच तर पट्टी. जेवणाचा डबासुद्धा वासानं जनावर येऊ नये म्हणून दूर झाडाला टांगला. आणि बूट? मातीचे म्हणून तंबूच्या बाहेर, चेनजवळ ओळीनं मांडलेले. मोठी सॅक आत मावेना म्हणून ती तंबूच्या पुढच्या पडवीत. तिच्यातच गाडीची चावी, माझा फोन, तिघींचे पैसे. सगळं एका जागी, म्हणजे हरवायला नको!

रात्री तुमचा कुत्रा भुंकला. चांगला दहा मिनिटं भुंकत होता. आम्ही झोपेतूनच त्याला "गप रे" म्हणून ओरडलो. त्याचीही माफी या पत्रात मागून ठेवते.

तीनच्या सुमाराला भाचीला जाग आली. सॅक नाही, बुटांचे तिन्ही जोड नाहीत. पलीकडचा तंबू होता तिथं नुसतं चेपलेलं गवत. आता त्या दोघांनी नेलं असं मी म्हणणार नाही, कारण पाहिलं कुणीच नाही. कदाचित त्यांना लवकर उतरायचं असेल. पण त्या वेळी आम्हाला त्यांचा संशय आलाच नाही, आणि खरं सांगायचं ते हे आहे. आम्हाला संशय आला तुमच्या नातवाचा.

संध्याकाळी तो आमच्या बुटांकडे बघत बसला होता. "केवढ्याला पडलं?" असं त्यानं विचारलं होतं. मी साडेचार हजार सांगितल्यावर त्यानं हलकी शीळ घातली होती. एवढ्यावर आम्ही तिघींनी, शिकल्यासवरलेल्या बायकांनी, अंधारात कुजबुजून खटला चालवला आणि निकालही दिला. शहरातली पोरं ट्रेकला येतात, ती कशाला चोरतील. वाडीतल्या पोराला मात्र बूट हवेच असणार. ही कुजबुज आम्ही तुमच्या कुडाच्या भिंतीला टेकून करत होतो. तुम्ही जाग्या होतात. भिंतीच्या अलीकडचं पलीकडे ऐकू जातं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "आत या. थंडीत काय बोलताय? कुत्रं उगं भुकत न्हाई, तवाच उठायचं हुतं." बाकी एक शब्द नाही. चूल पेटवलीत, कोरा चहा दिलात, घोंगडी अंगावर टाकलीत. पुन्हा कुणी आलं तर म्हणून कोयता उशाशी घेऊन उंबऱ्याला आडव्या झोपलात. झोपलात कसल्या, पडून राहिलात.

उजाडल्यावर नातू आमची सॅक शोधायला निघाला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तासाभरानं कारवीतून आला तो सॅक खांद्यावर घेऊनच. चावी आतल्या कप्प्यात तशीच होती, गाडीची कागदपत्रं होती. पैसे, फोन आणि बूट गेले. सॅक माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "बघून घ्या, मी उघडली न्हाई." तेव्हा मला कळलं की रात्रीचं त्यानंही ऐकलंय. त्या क्षणी त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही. म्हणून आज लिहिते: बाळा, चुकलं आमचं.

मग तोच आम्हाला रेंज येते त्या दगडावर घेऊन गेला. त्याच्या फोनवरून आधी बँकेला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद करवलं, मग सिम बंद. त्या गडबडीत हा क्रम सुचला तो माझी मैत्रीण बँकेत आहे म्हणून. मी एकटी असते तर आधी आईला फोन करून रडले असते.

राहिला प्रश्न पायांचा. नुसत्या मोज्यांवर ती घसरडी वाट कशी उतरणार? तुम्ही माळ्यावरून टायरच्या चपलांच्या दोन जुन्या जोड्या काढल्यात आणि तिसरी तुमच्या पायातली. "मला हितं काय, अंगणातच फिरायचं," म्हणालात. तुमची चप्पल मला बसली. सुरुवातीला अंगठा सोलला, पण दगडावर तिच्यासारखी पकड साडेचार हजारांच्या बुटांना नव्हती, हे कबूल करायलाच हवं. नातू पार नांदगण्यापर्यंत पुढे चालत होता, अवघड जागी काठी धरत होता. दोन तासांत तो मोजून चार वाक्यं बोलला असेल.

पुढचं थोडक्यात. पोलिस ठाण्यात हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "वस्तू तंबूत होती का तंबूबाहेर?" मला वाटलं चेष्टा करतात. तर नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घराबरोबर तंबूचाही उल्लेख आहे म्हणे. माणसं राहतात त्या तंबूतली चोरी ही घरातल्या चोरीसारखीच, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. साधी चोरी असेल तर कलम ३०३, तिथं ३ वर्षांपर्यंत. बुटांचं काय ते त्यांनी ठरवावं. तक्रारीची प्रत मिळाली, त्याच नंबरचं नवीन सिम घेतलं आणि फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, सरकारच्या सीईआयआर संकेतस्थळावर भरून फोन बंद करवला. खोकं मी जपून ठेवलं होतं, ही त्या सगळ्या प्रकारातली माझी एकमेव शहाणी गोष्ट. फोन अजून सापडलेला नाही.

आता आम्ही चावी गळ्यात आणि पैसे तिघींत वाटून ठेवतो, बूट पिशवीत घालून पायाशी घेतो. कुत्रं भुंकलं की उठतो.

आजी, निघताना मी म्हणाले होते, पैसे गेले, जेवणाचे नंतर देते. तुम्ही "ऱ्हाऊ दे" म्हणाला नाहीत, "बरं" म्हणालात. त्याचं मला फार बरं वाटलं. साडेचारशे रुपये उधारी आहे. येत्या रविवारी तिघी येतोय. तिन्ही जोड्या धुऊन ठेवल्यात, एकीचा अंगठा तुटला होता तो चांभाराकडून शिवून घेतलाय.

नातवाच्या पायाचं माप तेवढं त्याला न विचारता कळवता आलं तर बघा. अंगणातल्या ओल्या मातीत ठसा असेलच.

तुमची,
टायरच्या चपलेतली साताऱ्याची पोर