पॉलिटिकल सायन्स शिकू दे, पण बारा लाख काढून नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवसापासून पेपरात परराज्यातल्या खाजगी विद्यापीठांच्या पानभर जाहिराती सुरू झाल्या (तुमच्या एकट्याच्या पेपरात नाही, सगळ्यांच्याच, म्हणून राग मानू नका) आणि त्यातली एक जाहिरात आमच्या बहिणीच्या घरात घुसली, म्हणून हे पत्र.

माझी भाची गोव्यात डिचोलीला असते. आर्ट्सला ८८ टक्के पडले, आणि तिला पॉलिटिकल सायन्सच करायचंय. २०२२ च्या पंचायत इलेक्शनला ती शाळेत होती तरी कुठल्या वॉर्डात कोण आपटणार ते आम्हाला आधीच सांगत होती आणि बरंचसं बरोबर आलं, त्यामुळे तिच्या आवडीबद्दल कुणाला शंका नाही. शेजारपाजारचे विचारतात, काय गे बाय, आमदार होणार काय? त्यांना काय सांगायचं, आपल्याकडे मुख्यमंत्री झालेले पर्रीकर आयआयटीतून इंजिनिअर, मुख्यमंत्री प्रमोद सावंत आयुर्वेदाचे डॉक्टर. आमदार व्हायला ही डिग्री कुणालाच लागलेली नाही.

तर त्या विद्यापीठाची फी, हॉस्टेल, मेस सगळं धरून वर्षाला पाच लाखांच्या वर जातं. भावोजी म्हणाले एक लाख दरवर्षी मी बघतो, उरलेलं चार-चार लाख असं तीन वर्षांत बारा लाख लोन काढू. मी पतसंस्थेत काम करतो, हप्ते काढणं हे रोजचंच, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. दर १० टक्के धरला. शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो हे खरं, पण व्याज काय झोपत नाही, त्या चार वर्षांत साधं व्याजच ३ लाख ६० हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर १५ लाख ६० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिना साधारण २०,६०० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर १६,७०० च्या आसपास, पण मग एकूण तीस लाख भरावे लागतात, बारा लाखांचे तीस! आणि आपल्या सरकारी खात्यात एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून लागला तर त्याचं मूळ वेतन १९,९०० पासून सुरू होतं. वर डीए वगैरे मिळतो, मान्य, पण ती नोकरी मिळायलाही परीक्षा आणि रांग आहेच.

पगार कमी ही एकच अडचण असती तर मी गप्प बसलो असतो. पण या विषयाच्या वाटा बघा किती लांबच्या आहेत. हायर सेकंडरीला शिकवायचं तर एमए आणि वर बीएड. कॉलेजात जायचं तर एमए, नेट-सेटची पात्रता परीक्षा, आणि तरीही बरीच वर्षं लेक्चर बेसिसवर. नेट झालेली मुलं लेक्चर मोजून पैसे घेताना मी बघितलीत. यूपीएससीला हा ऑप्शनल विषय म्हणून चांगला चालतो, पण तिथे ओपनवाल्याला सहा अटेम्प्ट आणि ३२ वर्षांपर्यंत मुभा, म्हणजे माणूस पाच-सहा वर्षं नुसता अभ्यास करत बसू शकतो, बँक मात्र डिग्रीनंतर एकच वर्ष थांबते. या डिग्रीची कमाई उशिरा येते आणि हप्ता लवकर, म्हणून मुलगी तयारी सोडून मिळेल ती नोकरी धरते, मग पॉलिटिकल सायन्स शिकून पर्वरीच्या कुठल्यातरी ऑफिसात डेटा एंट्री. इंजिनिअरिंगवाल्यांचंही हल्ली काय फार बरं नाही, पण त्यांना निदान चौथ्या वर्षी कळतं तरी, नोकरी लागली की नाही ते.

बँकेत गेलो तर वेगळंच. साडेसात लाखांच्या वर तारण पाहिजे. भावोजींचं घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत, तिथे राहणारा मुंडकार म्हणून हक्कासाठीचा अर्ज मामलेदाराकडे वर्षानुवर्षं पडून, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव दुसऱ्याचंच. मॅनेजर म्हणाले मग दुसरं काहीतरी आणा. दुसरं म्हणजे बहिणीचे दागिने. ती तयारही झाली होती, खरं सांगतो, कपाट उघडून डबा काढला तिने. भावोजींनीच तो परत ठेवायला लावला. २०१० ला त्यांनी मायनिंगसाठी लोनवर ट्रक घेतला होता, २०१२ ला खाणी बंद झाल्या आणि ट्रक दारात, हप्ता चालू. डिचोलीत अशी किती घरं आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरी मी म्हटलं, त्या विद्यापीठाची बाजू पण बघू. त्यांचा काऊन्सेलर फोनवर सारखं हायेस्ट पॅकेज, हायेस्ट पॅकेज करत होता. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगसाठी संस्थांना माहिती भरावी लागते, किती मुलं पास झाली, कितींना प्लेसमेंट, त्यांचा मीडियन पगार किती, आणि ती वेबसाईटवर टाकावी लागते. शोधून काढली ती पीडीएफ. पण त्यात तीन वर्षांच्या सगळ्या डिग्र्या एकाच ओळीत! बीबीए, बीकॉम, बीए, सगळा खतखता. आणि तो मीडियन फक्त ज्यांना नोकरी लागली त्यांचा, बाकीचे हिशेबातच नाहीत. पॉलिटिकल सायन्सच्या पोरांचं काय झालं ते त्यातून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

म्हणून आपल्या पेपरातून उच्च शिक्षण खात्याला सांगायचं एवढंच की, जे कोण आपल्या हायर सेकंडरींत येऊन स्टॉल लावतात त्यांना विषयवार आकडा मागा, मागच्या तीन बॅचची किती मुलं, एका वर्षानंतर काय करतात, काय कमावतात. गोव्यातल्या कॉलेजांनीही द्यावा, त्यांना सूट कशाला.

भाची आठवडाभर रुसली, बोलेना माझ्याशी. आता जवळच्याच कॉलेजात फॉर्म भरलाय, तिथली वर्षाची फी आमच्या चवथीच्या माटोळी-फटाक्यांच्या खर्चातही बसते. म्हणते मामा, लोन लागलंच तर एमएला बघू, तेव्हा मला कळेल तरी कशासाठी काढतेय. काऊन्सेलरचा परवा परत फोन आला होता. भावोजींनी उचलला आणि विचारलं, पॉलिटिकल सायन्सच्या किती जणांना नोकरी लागली तेवढं सांगा. सरांना विचारून कळवतो म्हणाला. त्याला आज दहा दिवस झाले.

आपला एक वाचक,
डिचोली