कोणी सांगितलं आणि कशावरून

देवगड

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

विजयदुर्गावरच्या टिपणातला विकिपीडियाचा संदर्भ सरांनी खोडला आणि ‘विश्वकोश बघ’ म्हणाले, हे परवा फोनवर सांगताना तू चिडली होतीस. मला सरांचं म्हणणं अर्धं पटतं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोश उभा केला. त्यातल्या बहुतेक नोंदींखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे जाब कोणाला विचारायचा ते कळतं. हे काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

पण छापलेली चूक पुढची आवृत्ती निघेपर्यंत तशीच राहते. विकिपीडियावर ‘इतिहास’ उघडला की कोणी, कधी, कुठलं वाक्य बदललं ते दिसतं. ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकाने 2005 मध्ये विज्ञानाचे 42 विषय तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा विकिपीडियात 162 चुका निघाल्या आणि ब्रिटानिका या इंग्रजी विश्वकोशात 123. ब्रिटानिकाने ती तपासणी मानली नाही, ते असो. त्याच वर्षी जॉन सीगेंथालर या अमेरिकी पत्रकाराला केनेडींच्या खुनाशी जोडणारा खोटा मजकूर विकिपीडियावर चारेक महिने तसाच होता, हेही विसरू नकोस.

आता तुझ्या टिपणातला हेलियम घे. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियरसाहेब या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. पण त्या दिवशी आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता तो फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. त्याने 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. त्यातली पिवळी रेघ माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना; तीच हेलियमची. विजयदुर्गाला तो आला खरा, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तोवर रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं होत आली होती. दोन ग्रहणांची सरमिसळ झाली, दुसरं काही नाही.

अशी गोष्ट शंभर जणांनी लिहिली तरी ती एकमेकांचं वाचून लिहिलेली असते. एखाद्या विद्वानाने सहीनिशी लिहिली, तरी त्यानेही ती इथेच कोणाच्या तरी ओटीवर ऐकलेली असू शकते. म्हणून नाव कितीही मोठं असो, तुला हे कुठून कळलं, हे विश्वकोश आणि विकिपीडिया दोघांनाही विचार. इथे तर विचारायची सोयही आहे: विजयदुर्गच्या निरीक्षणांचा लॉकियरचा स्वतःचा वृत्तान्त रॉयल सोसायटीने 1898 मध्ये छापला आहे.

तो आधी वाच, मग टिपण बदल. विकिपीडियाच्या चर्चा पानावरही तोच संदर्भ देऊन लिही, आणि निनावी नको, स्वतःच्या नावाने लिही. इथे 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात, त्यांना वाईट वाटेल. त्यांच्याशी मी बोलतो. लॉकियर ग्रहण बघायला आपल्या किल्ल्यावर आला होता, ही खरी गोष्ट काही लहान नाही. टिपणाची एक प्रत मला पाठव, ती हातात घेऊनच जाईन.

तुझे,
बाबा